आजचा खेळ आणि उद्याचा संघ

एखादा संघ सातत्याने हरू लागला म्हणजे त्याच्या भोवतीची माणसे दोन तटांत विभागली जातात. ज्या अनुभवी खेळाडूंनी आजवर संघाची पत राखली, त्यांच्याच बळावर आणखी एक हंगाम झुंज द्यावी, असे एका पक्षाचे म्हणणे असते. या खेळाडूंच्या नावाला मोल आहे तोवरच त्यांना दुसऱ्या संघाच्या स्वाधीन करावे आणि त्या बदल्यात उद्याची पुंजी पदरात पाडून घ्यावी, असे दुसरा पक्ष सांगतो. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये हा वाद जवळजवळ दरवर्षी उपस्थित होतो. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हाच आहे. मात्र त्याचा आशय केवळ खेळापुरता मर्यादित नाही. हाती असलेले केव्हा सोडावे आणि जे अद्याप आकारालाच आलेले नाही त्याचे मोल कसे ठरवावे, हा प्रश्न प्रत्येक संस्थेपुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. बास्केटबॉलमध्ये विशेष इतकाच, की दिलेले उत्तर बरोबर होते की चूक, हे दहा-बारा वर्षांत आकड्यांनिशी सर्वांसमोर येते.

प्रथम तेथील व्यवस्था समजून घेणे आवश्यक आहे. एन.बी.ए. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनेत ३० संघ असून सर्वसाधारण हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. भारतीय प्रेक्षकाला क्रिकेटमधील खेळाडूंचा लिलाव परिचित आहे. येथे तसा लिलाव होत नाही. नवोदित खेळाडूंची दरवर्षी एक निवडसभा भरते आणि तीत संघ क्रमाक्रमाने आपापले उमेदवार निवडतात. आदल्या हंगामात जे संघ मागे पडले, त्यांना निवडीत अग्रक्रम मिळतो. दुर्बलाला हात द्यावा आणि स्पर्धेत समतोल राहावा, हा त्यामागील हेतू. या निवडीच्या हक्काची देवाणघेवाण करता येते. तीही काही वर्षे आधी. त्यामुळे आज शाळेच्या मैदानावर खेळणाऱ्या एखाद्या अनाम मुलावरचा हक्क त्याच्या नकळत एका संघाकडून दुसऱ्या संघाकडे गेलेला असू शकतो.

याला आणखी दोन गोष्टींची जोड द्यावयास हवी. १९८४-८५च्या हंगामापासून संघांच्या एकूण वेतनावर मर्यादा आली. तेव्हा ती ३६ लक्ष डॉलर होती. पुढे ती अनेक पटींनी वाढली, पण तत्त्व तेच राहिले. एखाद्या श्रीमंत मालकाने केवळ पैसा ओतून संघ उभा करावा, ही वाट त्यामुळे अरुंद झाली. दुसरी गोष्ट खेळाच्या स्वरूपातच आहे. मैदानावर एका बाजूने केवळ पाच जण खेळतात. अकरा जणांच्या खेळात एका असामान्य खेळाडूचा प्रभाव जितका पडतो, त्याहून पाच जणांच्या खेळात तो कितीतरी अधिक पडतो. म्हणूनच मधल्या स्थानावर रेंगाळणाऱ्या संघाची अवस्था सर्वांत बिकट मानली जाते. अजिंक्यपद मिळवण्याइतका तो समर्थ नसतो आणि निवडसभेत वरचा क्रम मिळावा इतका तो दुबळाही नसतो. ज्येष्ठ खेळाडू देऊन निवडहक्क घेण्याचा मोह येथूनच निर्माण होतो.

निवडहक्काची किंमत न ओळखणाऱ्यांचे काय होते, याचे उदाहरण क्लीव्हलँडच्या संघाने घालून दिले. १९८०च्या सुमारास टेड स्टेपियन हे या संघाचे मालक असताना पहिल्या फेरीतील निवडहक्क एकामागून एक इतर संघांना देण्यात आले. १९८२चा हक्क तर त्याआधीच लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेलेला होता. त्या वर्षी क्लीव्हलँडचा संघ तळाशी गेला आणि विजेतेपद नुकतेच पटकावलेल्या लेकर्सना निवडसभेत पहिला क्रमांक मिळाला! त्यांनी निवडलेला जेम्स वर्दी पुढे तीन अजिंक्यपदांत सहभागी झाला. या प्रकारानंतर संघटनेने असा नियम केला, की लागोपाठच्या दोन आगामी वर्षांत पहिल्या फेरीतील हक्काविना राहावे लागेल असा व्यवहार कोणत्याही संघाने करू नये. मालकाच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम म्हणजे बियाणे विकून खाणाऱ्याला घातलेला लगाम होय.

परंतु बियाणे जपले म्हणजे पीक येतेच असे नाही. या संदर्भात बॉस्टन सेल्टिक्स या संघाचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. कारण वादाच्या दोन्ही बाजू या एकाच संघाने आळीपाळीने अनुभवल्या. १९९६-९७च्या हंगामात बॉस्टनने ८२पैकी केवळ १५ सामने जिंकले. त्या वर्षी टिम डंकन हा विलक्षण गुणवान तरुण निवडीस उपलब्ध होणार होता आणि बॉस्टनकडे स्वतःचा व डॅलसकडून आलेला असे दोन हक्क होते. पहिला क्रम मिळण्याची सर्वाधिक शक्यता त्यांचीच होती. १९८५पासून मात्र हा क्रम सोडतीने ठरू लागला होता. सोडतीत बॉस्टनच्या वाट्याला तिसरा व सहावा क्रमांक आला. डंकन सॅन अँटोनियोला मिळाला. दहा वर्षांनी, २००६-०७मध्ये, लागोपाठ १८ पराभव पत्करून बॉस्टनने २४ विजयांवर हंगाम संपवला, आणि पुन्हा सोडतीने पाठ फिरवली. तळापासून दुसऱ्या असलेल्या या संघाला पाचवा क्रमांक मिळाला.

या वेळी व्यवस्थापक डॅनी एंज यांनी नेमका उलट मार्ग धरला. पाचवा निवडहक्क देऊन त्यांनी सिअॅटलकडून रे ॲलनला आणले. पाच खेळाडू व पहिल्या फेरीचे दोन हक्क मिनेसोटाला देऊन केव्हिन गार्नेटला आणले. पॉल पिअर्स संघात होताच. तिघेही तिशीच्या आसपासचे आणि तिघांपैकी एकानेही अजिंक्यपद पाहिलेले नव्हते. भविष्य विकून वर्तमान विकत घेण्याचा हा व्यवहार होता. पुढच्याच हंगामात संघाने ६६ सामने जिंकले आणि २००८चे अजिंक्यपद मिळवले. जो म्हणेल की दुबळ्या संघाने सदैव भविष्याचीच बाजू घ्यावी, त्याने हे उदाहरण विसरता कामा नये.

काळ मात्र कोणासाठी थांबत नाही. २०१२मध्ये ॲलन मायामीला निघून गेला. २०१२-१३मध्ये संघाने ४१ सामने जिंकले, ४० गमावले आणि अंतिम टप्प्याच्या पहिल्याच फेरीत तो न्यूयॉर्ककडून पराभूत झाला. गार्नेट ३७ वर्षांचा झाला होता, पिअर्स ३५चा. संघ पडला नव्हता. पण तो चढणारही नव्हता. अशा वेळी न्यूजर्सीहून नुकताच ब्रुकलिनला आलेला नेट्स हा संघ पुढे आला. नवे शहर, नवे क्रीडागृह आणि तातडीने अजिंक्यपद हवे असलेले मालक मिखाईल प्रोखोरोव्ह. २०१३च्या उन्हाळ्यात गार्नेट, पिअर्स व जेसन टेरी ब्रुकलिनला गेले. त्यांच्या बदल्यात बॉस्टनला काही खेळाडूंबरोबर २०१४, २०१६ व २०१८ या वर्षांचे पहिल्या फेरीतील हक्क आणि २०१७मध्ये परस्परांच्या क्रमांची अदलाबदल करण्याचा अधिकार मिळाला.

ब्रुकलिनचे काय झाले? पहिल्या वर्षी ४४ विजय, दुसऱ्या फेरीत मायामीकडून पराभव आणि वेतनमर्यादा ओलांडल्याबद्दल ९ कोटी डॉलरांहून अधिक कर. वर्षअखेर पिअर्स वॉशिंग्टनला गेला. २०१५च्या फेब्रुवारीत गार्नेटही मिनेसोटाला परतला. २०१५-१६मध्ये संघाचे विजय २१वर आले, पुढच्या वर्षी २०वर. पराभवाचे दुःख ब्रुकलिनचे आणि त्यातून मिळणारा अग्रक्रम बॉस्टनचा, अशी विपरीत स्थिती उद्भवली.

बॉस्टनच्या पदरात प्रत्यक्षात काय पडले, हेही बारकाईने पाहावयास हवे. कारण यशाच्या कथा सांगताना पडझडीचा हिशेब गाळण्याची प्रवृत्ती असते. २०१४च्या हक्कातून १७व्या क्रमांकावर निवडलेला तरुण फारसा चमकला नाही. २०१६च्या हक्कातून तिसऱ्या क्रमांकावर जेलेन ब्राउन आला. २०१७मध्ये बॉस्टन स्वतः ५३ सामने जिंकून आपल्या विभागात अग्रस्थानी असतानाच ब्रुकलिनच्या क्रमामुळे त्यास पहिला क्रमांक लाभला. तो फिलाडेल्फियाला देऊन बॉस्टनने तिसरा क्रमांक व आणखी एक हक्क घेतला आणि जेसन टेटमची निवड केली. २०१८चा हक्क कायरी अर्विंगला आणण्यासाठी क्लीव्हलँडला दिलेल्या मोबदल्यात खर्ची पडला. तो दोनच वर्षे राहिला आणि, योगायोग असा, की ब्रुकलिनलाच गेला. चारपैकी दोन दाणे रुजले. पण त्या दोघांच्या आधारावर २०२४मध्ये बॉस्टनने आपले १८वे अजिंक्यपद मिळवले, आणि अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान ब्राउनला मिळाला. व्यवहार आणि फळ यांच्यात ११ वर्षांचे अंतर होते.

या यशामुळे एक समज दृढ झाला, की जुने खेळाडू देऊन टाकावेत, मुद्दाम हरावे आणि निवडसभेची वाट पाहावी. या तत्त्वज्ञानाची सर्वांत कठोर परीक्षा फिलाडेल्फियात झाली. २०१३मध्ये सॅम हिंकी यांच्याकडे सूत्रे आली आणि निवडसभेच्याच रात्री त्यांनी २३ वर्षांच्या जरू हॉलिडेला न्यू ऑर्लिन्सकडे पाठवून भविष्याची पुंजी घेतली. पुढील तीन हंगामांत संघाने अनुक्रमे १९, १८ व १० सामने जिंकले; म्हणजे २४६ सामन्यांत ४७ विजय. दोन हंगाम मिळून लागोपाठ २८ पराभवही याच काळात झाले. २०१६च्या एप्रिलमध्ये हिंकी यांनी राजीनामा दिला. या त्यागातून जोएल एम्बीड हा थोर खेळाडू मिळाला हे खरे. २०२३मध्ये तो संघटनेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. परंतु वरच्या क्रमांकावर निवडलेले इतर तरुण कोणी दुखापतींनी, कोणी आत्मविश्वास गमावून, एकेक करून संघाबाहेर गेले. २०१८ ते २०२३ या काळात फिलाडेल्फिया पाच वेळा दुसऱ्या फेरीत पराभूत झाला. त्यापलीकडे तो एकदाही गेला नाही. आणि ज्या हॉलिडेला त्यांनी भविष्यासाठी सोडले, तो २०२१मध्ये मिलवॉकीकडून व २०२४मध्ये बॉस्टनकडून अजिंक्यपदाचा मानकरी ठरला. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, ही आपल्याकडील म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

संघटनेनेही यातून धडा घेतला. पूर्वी सर्वांत शेवटच्या संघाला सोडतीत पहिला क्रम मिळण्याची शक्यता शेकडा २५ होती. २०१९च्या सोडतीपासून तळाच्या तिन्ही संघांसाठी ती शेकडा १४ करण्यात आली. हरण्याचा मोबदला घटला. डेट्रॉइटचा संघ २०२३ व २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे तळाशी राहिला आणि दोन्ही वेळा त्याला पाचव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. २०२५मध्ये तर शेकडा १.८ इतकीच शक्यता असलेल्या डॅलसला पहिला क्रमांक मिळाला.

डेट्रॉइटची कथा येथे थोडी पुढे सांगावयास हवी. २०२३-२४मध्ये या संघाने एकाच हंगामात लागोपाठ २८ सामने गमावले आणि एकूण १४च जिंकले. केड कनिंगहॅमसारखे गुणी तरुण संघात होते. उणीव गुणांची नव्हती. तरुणांच्या चुका सावरणारे, पराभवाच्या छायेत मन स्थिर ठेवणारे कोणी नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात संघाने नवा प्रशिक्षक नेमला आणि टोबायस हॅरिस, टिम हार्डवे, मॅलिक बीझली हे अनुभवी खेळाडू आणले. विजय १४वरून ४४वर गेले. सॅन अँटोनियोने हेच तत्त्व पूर्वी जाणले होते. १९९६-९७मध्ये त्यांचा आधारस्तंभ डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीमुळे सहाच सामने खेळला आणि संघ २० विजयांवर घसरला. तो तेव्हा तिशी ओलांडलेला होता. त्याला देऊन टाकण्याऐवजी संघाने त्याला राखले आणि डंकनला त्याच्या शेजारी उभे केले. १९९९मध्ये व २००३मध्ये दोघांनी मिळून अजिंक्यपद मिळवले. मग रॉबिन्सन निवृत्त झाला. त्याच्या हाताखाली घडलेला डंकन पुढे आणखी तीन अजिंक्यपदांचा धनी झाला. ज्येष्ठ खेळाडूचे मोल त्याने मिळवलेल्या गुणांवरूनच मोजावयाचे नसते. मागाहून येणाऱ्यांना तो काय शिकवून जातो, हेही त्यात धरावे लागते.

दोन्ही मार्गांचा मेळ कसा घालावा, याचे अलीकडील उत्तम उदाहरण म्हणजे ओक्लाहोमा सिटी. २०१९मध्ये पॉल जॉर्जने अन्यत्र जाण्याची इच्छा दर्शवली. तेव्हा तो आपल्या खेळाच्या ऐन भरात होता, आणि म्हणूनच त्याची किंमतही भरघोस आली. लॉस एंजेलिस क्लिपर्सकडून पहिल्या फेरीचे पाच हक्क, दोन अदलाबदलीचे अधिकार आणि केवळ एक हंगाम खेळलेला शे गिल्जस-अलेक्झांडर हा तरुण त्याच्या बदल्यात मिळाला. पाठोपाठ रसेल वेस्टब्रुकलाही ह्यूस्टनकडे पाठवण्यात आले आणि तेथून क्रिस पॉल हा अनुभवी खेळाडू आला. त्याच्या सहवासात नवा तरुण एक पूर्ण हंगाम खेळला. सर्वांचे अंदाज चुकवून त्या वर्षी संघाने ४४ सामने जिंकले. त्यानंतरच पॉलला फिनिक्सला जाऊ दिले गेले. दोन हंगाम पडतीचे गेले. क्लिपर्सकडून आलेल्या एका हक्कातून २०२२मध्ये जेलेन विल्यम्स मिळाला. २०२४-२५मध्ये ६८ विजय आणि अजिंक्यपद! सहा वर्षांत हे घडले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्या सौद्यातील सर्वांत मौल्यवान वस्तू कागदावरचा हक्क नव्हती; मैदानावर आपला खेळ दाखवू लागलेला एक जिवंत तरुण होता.

आता या वादाची दुसरी, अधिक नाजूक बाजू. 'पुंजी', 'हक्क', 'मोल' हे शब्द वापरताना त्यांच्या मागे माणसे आहेत याचा विसर पडू शकतो. पिअर्स १५ हंगाम बॉस्टनकडून खेळला होता. गार्नेटच्या करारात त्याच्या संमतीशिवाय त्याला अन्य संघाकडे पाठवता येणार नाही, असे कलम होते. म्हणून त्याला विचारावे लागले आणि त्याने होकार दिला. असे कलम फार थोड्या खेळाडूंच्या वाट्याला येते. इतरांना निर्णय कळवला जातो. घर, मुलांची शाळा, वर्षानुवर्षांचे स्नेह मागे टाकून त्यांना निघावे लागते. प्रेक्षकाचीही अशीच काही बाजू आहे. संध्याकाळी मुलाचा हात धरून क्रीडागृहात येणाऱ्या माणसाने त्या दिवसाच्या सामन्याचे तिकीट काढलेले असते. सहा वर्षांनंतरच्या अजिंक्यपदाचे नव्हे. आपला संघ जिंकण्यासाठी खेळतो आहे, एवढा विश्वास तरी त्याला देणे हे संघाचे कर्तव्य आहे. पडता काळ तो समजून घेतो. ठरवून हरणे मात्र त्याला फसवणुकीसारखे वाटते, आणि ते वाटणे गैर नाही.

मग पडत्या संघाने काय करावे? वरील उदाहरणांतून काही कसोट्या निघतात. पहिली कसोटी निदानाची. संघ दुखापतीसारख्या तात्पुरत्या कारणाने हरतो आहे की त्याची उमेदच ओसरली आहे, हे आधी ठरवावे. १९९७च्या सॅन अँटोनियोचा आजार पहिल्या प्रकारचा होता, २०१३च्या बॉस्टनचा दुसऱ्या. दुसरी कसोटी वेळेची. ज्येष्ठ खेळाडूला निरोप द्यावयाचाच असेल तर त्याच्या खेळाला अजून कस आहे तेव्हाच द्यावा. जाणाऱ्यालाही जिंकण्याची संधी असलेला संघ मिळावा, यात न्याय आहे आणि हितही. तिसरी कसोटी मोबदल्याची. समोरच्या संघाचा उद्या अंधारलेला असेल तरच त्याचे निवडहक्क मोलाचे. आणि शक्य तेथे कोऱ्या हक्काबरोबर सिद्ध होऊ लागलेला तरुणही मागावा. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची कसोटी अशी, की सगळे जुने एकदम काढू नयेत. कलम बांधायचे झाले तरी खुंट जुन्याच झाडाचा लागतो. निदान दोन-तीन जाणते खेळाडू तरुणांच्या सोबतीला राहिलेच पाहिजेत.

ज्यांच्या हाती निवडहक्कही उरले नव्हते, त्या ब्रुकलिननेही अखेर एक धडा दिला. हरण्यात काही लाभच नसल्यामुळे त्यांना रोज जिंकण्याचाच प्रयत्न करावा लागला. इतर संघांनी नाकारलेल्या खेळाडूंना हाताशी धरून, त्यांना शिकवून, २०१८-१९मध्ये त्यांनी ४२ विजय मिळवले आणि अंतिम टप्पा गाठला. निवडहक्क संधी देतो; त्या संधीचे सोने करण्यासाठी शिकवणारे हात, खेळण्याची शिस्त आणि धीर लागतो. २०२४मध्ये बॉस्टनच्या तरुणांनी अजिंक्यपदाचा चषक उंचावला, तेव्हा त्यांच्या शेजारी ३८ वर्षांचा अल हॉरफर्ड उभा होता. त्याच्या १७ हंगामांच्या कारकिर्दीतील ते पहिलेच अजिंक्यपद होते. ११ वर्षांपूर्वी वयस्क झालेल्या खेळाडूंना निरोप देऊन ज्या संघाने नवी वाट धरली होती, त्या संघाला शिखरावर पोचताना एका वयस्क खेळाडूचीच सोबत लागली. जुने आणि नवे यांतून एकाची निवड करावयाची असते, हा समजच मुळात अपुरा आहे, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.